राणी भाईंदरला थांबत नाही

गेल्या पंधरवड्यात आमच्या गोडदेवच्या सोसायटीत एका अर्जावर सह्या घेतल्या जात होत्या. मुंबई सेंट्रल ते सुरत धावणाऱ्या फ्लाइंग राणीला भाईंदरला थांबा मिळावा, अशी त्यात विनंती होती. अर्ज माझ्यापुढे आला आणि लेखणी हातात घेऊनही मी थबकले.

वास्तविक सही करणाऱ्यांत मी पहिली असायला हवी होते. माझे माहेर नवसारीचे. संध्याकाळची राणी गाठायची म्हणजे आम्हाला आधी लोकलने उलट दिशेने बोरिवलीस जावे लागते. तेथे राणीत बसावे, तो थोड्याच वेळात आपलेच भाईंदर खिडकीबाहेरून झरकन मागे पडते. मग खाडीचा पूल आणि पाणजूचे बेट. सासूबाईंचा चौविहार असल्याने हिवाळ्यात त्यांचे भोजन घरीच उरकून निघतो, कारण गाडी मुंबई सेंट्रलहून सुटते सहाच्या सुमारास आणि तोवर सूर्य मावळतीला टेकलेला असतो. जूनमध्ये मात्र डबा बोरिवलीनंतर निवांत उघडता येतो.

या गाडीचा आरंभ १९०६ सालचा, आणि तोही आठवड्याअखेरच्या खास गाडीचा. १ मे १९३७ रोजी ती समारंभपूर्वक नव्याने सुरू झाली. पुढे महायुद्धाने तिला थांबविले, ती १ नोव्हेंबर १९५० पासून पुन्हा धावू लागली. सकाळी सुरतेहून मुंबईस आणि संध्याकाळी परत, हा तिचा क्रम पाहिला म्हणजे ती कोणासाठी आहे हे उमगते. घर तिकडे आणि पेढी वा नोकरी इकडे, अशांची ती गाडी. पालघर, वापी, वलसाडकडचे कित्येक पासधारक तिच्याच भरवशावर राहते गाव न सोडता मुंबईत पोट भरतात.

गर्दी वाढली तेव्हा रेल्वेने एक नामी उपाय केला. १८ डिसेंबर १९७९ पासून राणीला दुमजली डबे जोडण्यात आले. फलाटाची लांबी तीच आणि गाडीही एकच, पण माणसे अधिक मावू लागली. खालच्या मजल्यावर बसले की फलाटावरच्या लोकांच्या चपला डोळ्यांसमोरून जात. धाकट्या भावाला चपलांवरून माणूस ओळखण्याचा छंदच जडला होता! वरच्या मजल्यावर उंच माणसाला मान वाकवावी लागे. जुलै २०२३ मध्ये ते डबे गेले आणि नवे एलएचबी डबे आले. प्रवास सुरक्षित आणि आरामशीर झाला, हे मान्यच. पण एका डब्यात पूर्वीइतकी आसने आता नाहीत, आणि त्याची झळ रोजच्या प्रवाशालाच लागते.

माझी अडचण नेमकी येथे आहे. सुरतेपर्यंतच्या २६३ किलोमीटरना राणी साडेचार तासांहून अधिक वेळ घेते, ते मुख्यतः थांब्यांमुळे. थांबा म्हणजे केवळ फलाटावरची दोन मिनिटे नव्हेत; वेग उतरविणे आणि पुन्हा धरणे यांत आणखी काही मिनिटे जातात, आणि लोकलच्या दाट वेळापत्रकात मागची गाडीही अडते. जपानमध्ये अशा मोजक्या थांब्यांच्या गाड्यांना ‘तोक्क्यू’ म्हणतात आणि त्यांसाठी भाड्याखेरीज वेगळे शुल्क द्यावे लागते. त्याच देशाच्या साहाय्याने होणारी बुलेट ट्रेन विरारला थांबेल, बोईसरला थांबेल, भाईंदरला नाही. त्याविषयी आपल्यापैकी कोणी हू की चू केले नाही. मग राणीनेच का थांबावे? आपल्याला बोरिवली लोकलने जवळ आहे. सकाळी डहाणूहून उभ्याने येणाऱ्या बाईला दुसरी राणी नाही, आणि तिच्या कामाची वेळ आपल्या सोयीसाठी पुढे सरकणार नाही.

अर्ज मी सही न करताच परत दिला. शेजारच्या काकूंनी दोन दिवस अबोला धरला. येत्या शनिवारी आम्ही दोघी एकाच लोकलने बोरिवलीस निघणार आहोत. राणीची तिकिटे काकूंनीच काढली आहेत.