हंसिणींच्या हाती बंदुका दिल्या, पुढे?

आमच्या गटाच्या खोलीत एक चित्र कित्येक वर्षं भिंतीवर आहे. करड्या गणवेशातल्या चिनी बायकांची रांग, दंडावर लाल पट्टी, हातात बंदुका आणि सगळ्याजणी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभ्या. 'लाल स्त्री-तुकडी' या चिनी बॅलेमधलं हे दृश्य. 8 मार्चच्या पत्रकावर हेच छापू या, असं परवाच्या बैठकीत तरुण मैत्रिणींनी सुचवलं आणि मी नको म्हटलं. वाद झाला. "तुला बंदूक नको, की लढणारी बाई नको?" असं एकीनं विचारलं. तिथे मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बंदुकीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्या पायांबद्दल, आणि त्याहून जास्त गोष्टीबद्दल.

हे पाय रशियातून आले. 1954 साली पेइचिंगमध्ये सरकारी नृत्यशाळा निघाली, तिथे बॅले शिकवायला सोव्हिएत शिक्षक आले. प्योत्र गुसेव या रशियन नृत्यदिग्दर्शकानं 1958 साली चिनी विद्यार्थ्यांकडून 'स्वान लेक' बसवून घेतलं. बाय शूश्यांग ही चीनची पहिली हंसराणी झाली. 1959 च्या 31 डिसेंबरला राष्ट्रीय बॅले कंपनी स्थापन झाली, ती याच शाळेच्या पोटातून. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांचं बिनसलं आणि सोव्हिएत तज्ज्ञ परत गेले. माणसं गेली, पद्धत राहिली.

ही पद्धत म्हणजे काय? दहा-अकरा वर्षांच्या मुली निवडायच्या. मान किती लांब, पाय किती लांब, खुबा किती उघडतो, हे बघून. मग वर्षानुवर्षं मांड्या खुब्यातून बाहेर वळवायच्या, शरीर बारीक ठेवायचं, आणि सगळं वजन अंगठ्याच्या टोकावर तोलून धरताना चेहऱ्यावर कष्टाचा मागमूस दिसू द्यायचा नाही. तिला उचलायला पुरुष. मागे एकसारख्या मुलींची रांग, पुढे एकच नायिका. क्रांतीनंतरच्या रशियात अग्रिपिना वागानोव्हानं हे शिक्षण शास्त्रशुद्ध केलं, 1934 साली त्यावर पुस्तक लिहिलं. बाईनं केलेलं मोठं काम आहे ते, नाकारत नाही. पण ज्या कलेला तिनं शिस्त लावली ती झारच्या दरबारात वाढलेली. 1738 साली पीटर्सबर्गला पहिली शाळा निघाली ती राजवाड्यातल्या नोकरांची मुलं घेऊन. जमीनदारांच्या खाजगी नाट्यगृहांत तर भूदासांच्या मुली नाचत, आणि त्यांची खरेदीविक्रीही होई.

इथे कुणीतरी बांधलेल्या पायांची आठवण काढणारच. चिनी बायकांचे पाय आधी कापडानं बांधले, मग बॅलेच्या बुटांत कोंबले, वगैरे. ही तुलना मला पटत नाही. बांधलेल्या पायाची बाई उंबऱ्यापलीकडे जाऊ नये यासाठी तो खटाटोप होता. ही मुलगी उडी मारते तेव्हा तिची मागची टाच डोक्याला टेकते. आपल्या आज्यांना अंगणातसुद्धा पळता येत नव्हतं, त्यांच्या नाती रंगमंच भरून पळत होत्या, याचा आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण जिच्या शरीराची निवड दहाव्या वर्षी दुसऱ्यांनी केली, तिला मुक्त म्हणताना जीभ अडखळावी एवढं तरी आपण मान्य करू या.

आणि दुसरी वाट होती. ताय आय-ल्येन ही बाई 1916 साली त्रिनिदादमध्ये जन्मली, लंडनला बॅले शिकली आणि युद्धकाळात चीनमध्ये आली तेव्हा तिला चिनी भाषासुद्धा येत नव्हती. तिनं सीमाभागात हिंडून तिथल्या लोकांचे नाच टिपले, 1946 साली चुंगकिंगला ते रंगमंचावर आणले. 1954 च्या शाळेची पहिली प्रमुख तीच. म्हणजे दोन्ही नाच अंगात असलेली बाई खुर्चीवर होती. वर्गात मात्र बॅलेचा पाया मॉस्को-लेनिनग्राडच्या बरहुकूमच घातला गेला. सांस्कृतिक क्रांतीत तिलाही छळ सोसावा लागला.

1963-64 मध्ये वरून हुकूम आला, बॅले क्रांतिकारक करा. तेव्हा 'लाल स्त्री-तुकडी' बसली. आधी 1961 साली त्यावर चित्रपट निघाला होता. बॅले बसवणाऱ्या तिघांत च्यांग चू-ह्वेई ही एक बाई होती, मॉस्कोत शिकून आलेली. नर्तक हाइनान बेटावर जाऊन राहिले, सैनिकांबरोबर कवायत शिकले. नाजूक उघड्या तळव्याच्या जागी वळलेली मूठ आली, पेइचिंग ऑपेरातल्या झुंजी आल्या, झिरझिरीत झग्याच्या जागी आखूड विजार आली. रशियन प्रभाव झटकला, असं सगळ्यांना वाटलं.

मला तसं वाटत नाही. रशियन बॅलेचा प्रभाव झग्यात नव्हताच, तो सांगाड्यात होता. 'स्वान लेक'ची गोष्ट आठवा. दुष्टानं कैद केलेली मुलगी, तिच्यासारख्याच कैदी मुलींची रांग, आणि तिला सोडवील असा राजपुत्र. आता ही गोष्ट बघा. नान बा-थ्येन या जमीनदाराच्या तळघरात बांधलेली वू छिंग-ह्वा. ती स्वतःच्या हिमतीनं पळते, पकडली जाते, मरेस्तोवर मार खाते. मग हुंग छांग-छिंग हा पक्षप्रतिनिधी येतो आणि तिला वाट दाखवतो. राजपुत्राचा पक्षप्रतिनिधी झाला, एवढंच. हंसिणींची रांग होती तिथे सैनिक-बायकांची रांग आली. पाय तेच, रांगेतल्या बाईला नाव नसणं तेच.

खोटं बोलणार नाही, एक फरक मोठा आहे. इथे तो मरतो आणि ती उरते. जमीनदाराला शेवटी तीच गोळी घालते, आणि त्याची जागाही तीच घेते. हंसिणीच्या नशिबात हे कधीच नव्हतं. तरुण मैत्रिणी याच दृश्यावर भाळल्या आहेत, आणि पंचवीस वर्षांची होते तेव्हा मीही भाळले होते.

पण त्याआधीचा प्रसंग बघा. टेहळणीला गेलेल्या छिंग-ह्वाला तो जमीनदार समोर दिसतो आणि ती राहवून न राहवता गोळी झाडते. बेत फसतो. मग तिला समजावलं जातं: तुझा सूड वैयक्तिक आहे, लढा सगळ्या वर्गाचा आहे, शिस्त पाळ. समजावणारा पुरुष. जिच्या पाठीवर वळ आहेत तिचा राग म्हणजे बेशिस्त, आणि ज्याच्या पाठीवर वळ नाहीत त्याचा राग म्हणजे राजकारण!

मैत्रिणींनो, हे वाक्य मी ऐकलेलं आहे. ऐंशीच्या दशकात एका संघटनेच्या कलापथकात मी होते. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. पथकातली एक मैत्रीण नवऱ्याच्या हातचा मार खाऊन तालमीला यायची. नवरा त्याच संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता. तिनं एकदा भर बैठकीत तोंड उघडलं, तेव्हा एक ज्येष्ठ भाऊ फार समजुतीनं म्हणाले, "ताई, हा तुमचा खाजगी प्रश्न. आधी मोठा लढा जिंकू या." त्याच संध्याकाळी वस्तीत आमचा प्रयोग होता आणि तिनं सावकाराच्या तावडीतून सुटणाऱ्या मुलीचं काम केलं. शेवटी भूमिकेतला कार्यकर्ता तिचा हात धरून तिला प्रकाशात आणतो. टाळ्या पडल्या. मी डफ वाजवत होते. मीही गप्प राहिले, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

मूळ चित्रपटात आणखी एक बाई आहे, हुंग-ल्येन. मेलेल्या नवऱ्याच्या लाकडी पुतळ्याबरोबर तिला संसार करायला लावलेलं असतं. पुतळ्याशेजारी रोज झोपायचं! पुरुषसत्तेचं याहून नेमकं चित्र मला कुठे दिसलेलं नाही. बॅलेमध्ये तिला जागा उरली नाही. जमीनदाराला गोळी घालता येते. पुतळ्याला, सासरला, रिवाजाला कुठल्या अंकात घालणार?

कुणी म्हणेल, परकी कला घेतली की असंच होणार, आपली मातीच बरी. आपल्याकडे संस्कृतिरक्षक हेच म्हणतात, म्हणून सांगते, ते मला मुळीच म्हणायचं नाही. परक्या कलेला शिव्या घालण्याचा परिणामही चीननं पाहिला आहे. बाय शूश्यांग 1958 ची हंसराणी, आणि 1964 ला बंदूक घेतलेली पहिली नायिकाही तीच. तरी सांस्कृतिक क्रांतीत ती हंस नाचली होती हेच तिच्यावर शेकलं, आणि रंगमंचावरून उचलून तिला कित्येक वर्षं कष्टाला धाडलं. हंस नाचायला सांगणारे वेगळे, हंस नाचल्याची शिक्षा देणारे वेगळे. शरीर तिचं एकटीचं. सांस्कृतिक क्रांती संपल्यावर हंस परत आले, आणि कंपनी आज दोन्ही नाच करते, परदेशातही नेते.

आता ज्या बायकांची ही गोष्ट, त्यांच्याकडे येते. हाइनानची स्त्री-तुकडी खरीच होती. 1931 च्या मे महिन्यात ती उभी राहिली, शंभराच्या आसपास शेतकरी मुली. तिची प्रमुख बाई होती, आणि राजकीय शिक्षण देणारी अधिकारीही बाईच होती, वांग शी-श्यांग. तुकडीत पुरुष होते ते वरकड कामाचे. म्हणजे वाट दाखवणारा तो देखणा पक्षप्रतिनिधी नंतर घातलेला आहे. वर्ष-दीड वर्षात तुकडी मोडली, मुली पांगल्या, पकडल्या गेल्या, काहीजणी नाव लपवून संसाराला लागल्या. आणि पुढे देशभर हा बॅले 'आदर्श कलाकृती' म्हणून दाखवला जात होता, तेव्हा त्या खऱ्या बायकांपैकी काहींना फितूर ठरवून जाब विचारला जात होता.

पत्रकावर चित्र छापायचंच असेल तर माझी हरकत मागे घेते. पण त्याखाली वांग शी-श्यांगचं नाव घाला. आणि या वेळच्या पथनाट्यात शेवटी हात धरून बाहेर आणणाऱ्या भाऊंचं काम कुणी करायचं, याची चर्चा पुढच्या बैठकीत पहिल्या विषयाला घ्या. त्या जुन्या मैत्रिणीला मी बोलावलं आहे.