तडा लोखंडातला आणि हृदयातला

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून ओतीव आणि घडीव भागांतील आतला तडा ध्वनितरंगांनी शोधतात, हे तेथल्या कामगाराला सांगावयास नको. त्याच तरंगांनी जिवंत हृदय पाहता येते, हे १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी दाखवले, तेही धातूतील दोष हुडकणाऱ्या यंत्रावर! असे एक यंत्र त्यांना माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्याने उसने दिले होते.

परंतु हृदयाचा तडा विश्रांतीत दिसतोच असे नाही. रोहिणी अरुंद झाली तरी निवांत पडलेल्या माणसाला लागणारे रक्त तिच्यातून पुरते आणि आलेख निर्दोष येतो. खरी परीक्षा भार पडल्यावरची. त्यासाठी धावता पट्टा आहे. पण ज्याचा गुडघा किंवा कंबर कामाने गेली, त्याने धावावे कसे? अशांना डोब्युटामीन हे औषध शिरेतून देतात. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ५ किंवा १० मायक्रोग्रॅमपासून ते टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत वाढवतात. २२० मधून वय वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांवर नाडी न्यावयाची असते. रक्त अपुरे पडणारा भाग तेव्हा नीट आकुंचन पावत नाही, आणि छातीत कळ येण्यापूर्वीच पडद्यावर तो बहुधा ओळखू येतो. औषधाचा अंमल काही मिनिटांत ओसरतो. तथापि हृदयाची लय बिघडण्याचा धोका असल्याने ही तपासणी तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी.

सरसकट सर्वांना ती करा, असे आमचे म्हणणे नाही. धडधाकट तरुणात खोटी शंका निघते आणि पुढच्या तपासण्यांचा ससेमिरा लागतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि चढताना लागणारा दम या खुणा असलेल्यांचा मात्र विचार व्हावा. छातीतल्या जळजळीला पित्त म्हणून गोळी घेणारा कामगार अजाण असतोच असे नाही. पुष्कळदा तो नोकरीला भीत असतो. कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने ठरावीक कामगारांसाठी वार्षिक मोफत तपासणीची तरतूद केली. पण तपासणीचा कागद प्रथम कामगाराच्या हाती पडणार की कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर? दोष निघाल्यास त्याच वेतनावर हलके काम मिळणार की घरचा रस्ता? याची लेखी हमी नसेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही त्याला सापळाच वाटेल.

पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि चिंचवडचे विमा रुग्णालय यांनी अशा रुग्णाला कोठे व कोणत्या दिवशी पाठवावे, हे कारखान्यांच्या डॉक्टरांना कळवावे. कंत्राटी कामगाराचे नाव आज एका ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते, उद्या दुसऱ्याच्या. त्याचा गेल्या वर्षीचा आलेख कोणाच्या कपाटात पडला आहे, एवढे तरी कामगार खात्याने एकदा विचारावे.