मूळ लेख वाचला का?

आपल्या घरांतल्या मुली-मुले आता नर्सिंग, फार्मसी, युनानी अशा विषयांत पीएच.डी.पर्यंत जाऊ लागली आहेत. घरचे त्यांना विचारतात, "डॉक्टर कधी होणार?" आम्हा शिक्षकांना वाटते, आणखी एक प्रश्न विचारावा: "ज्या लेखाचा हवाला दिला, तो स्वतः वाचला का?"

हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळते. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, असे त्यात होते. पण हे सगळे रुग्ण इस्पितळात दाखल होते, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात काहीच नव्हते.

पुढे याच पत्राचा हवाला देऊन 'या औषधांचे व्यसन क्वचितच लागते' असे लिहिले जाऊ लागले. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी मोजदाद केली. पत्राचा उल्लेख ६०८ वेळा झाला होता आणि रुग्ण इस्पितळातले होते, ही गोष्ट त्यांपैकी सुमारे ८१ टक्के लेखकांनी सांगितलीच नव्हती. दरम्यान या गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत हजारो घरे उद्ध्वस्त झाली. या आपत्तीला इतरही कारणे होती. पण न तपासलेल्या हवाल्यांचाही तिला हातभार लागला.

म्हणून संशोधन करणाऱ्या मुलांना आमचे सांगणे आहे: दुसऱ्याच्या संदर्भयादीतून नाव उचलू नका, मूळ लेख उघडा. अभ्यास कोणावर झाला, किती जणांवर, किती दिवस, हे आधी पाहा. नुसता सारांश वाचून थांबू नका. 'पबमेड'वर शोध मोफत करता येतो. पूर्ण लेख तिथे मिळाला नाही, तर कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. तो लेख नंतर मागे घेतला गेला आहे का, हेही तपासा.

आणि पालकांनो, "अजून किती वर्षे?" म्हणून मुलांच्या मागे लागू नका. घाईत लिहिलेल्या एका ओळीवर विसंबून उद्या कोणीतरी आजाऱ्याला औषध देणार आहे.