एका नावाची दोन माणसे

आमच्या नंदनवनात माझ्या नावाचे आणखी एक वसंतराव राहतात. त्यांची लग्नपत्रिका माझ्या दारात पडते आणि माझे विजेचे बिल त्यांच्याकडे जाते. आम्ही ते चहाच्या कपावर मिटवतो. आमच्या पिढीत 'वसंत' घरोघरी होते, त्याला कोण काय करणार!

नागपूर विद्यापीठाचेच पाहा ना. मॉरिस कॉलेजात शिकलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्याच कॉलेजचे वसंतराव साठे पुढे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. तिकडे सांगलीचे वसंतदादा पाटील १९७७ साली मुख्यमंत्री झाले. पण या तिघांत कुणाची कधी गल्लत झाली नाही. एकाला लोक रोजगार हमीवरून ओळखत, दुसऱ्याला दूरदर्शनवरून, तिसऱ्याला सहकारावरून. मॉरिस कॉलेजला आज वसंतराव नाईकांचे नाव आहे, तेही त्यांच्या कामामुळेच.

मतदान यंत्रापुढे मात्र गोष्ट वेगळी होते. तिथे मतदाराजवळ असतात जेमतेम काही क्षण. २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून अवघ्या २,११० मतांनी पराभव झाला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे नावाच्याच एका अपक्षाला ९,८४९ मते मिळाली. ती सारी चुकून पडली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही; पण शंका घ्यायला जागा राहतेच. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमध्ये महासमुंदच्या रिंगणात एकाच चंदूलाल साहूंना कितीतरी नामसाधर्म्याचे उमेदवार भेटले. खरे साहू अजित जोगींना हरवून निवडून आले, पण थोडक्यात.

मग बंदी का नाही घालायची? कारण नाव आईबापांनी ठेवलेले असते. त्या नावाच्या माणसाला निवडणूक लढवण्याचा हक्क नाकारायचा कसा? २०२४ साली अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा न्यायालयाने ती ऐकून घ्यायला नकार दिला. मला तो निर्णय पटतो. माझ्या शेजारच्या वसंतरावांना उद्या उभे राहावेसे वाटले, तर माझ्यामुळे त्यांनी का थांबावे?

निवडणूक आयोगाने २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र लावायला सुरुवात केली, हा शहाणपणाचा उपाय. पण डोळे अधू झालेल्या आजीला टिकलीएवढा चेहरा कितीसा दिसणार? म्हणून मतदानाच्या आदल्या रात्री घरातल्या शिकलेल्या मुलाने आजीला नाव नव्हे, तिच्या मनातल्या उमेदवाराचे चिन्ह आणि यादीतला अनुक्रमांक समजावून द्यावा. मत कुणाला, ते तिचे तिने ठरवावे.

चुकलेली पत्रिका परत करता येते. चुकलेले मत पाच वर्षे परत येत नाही.