सालीची किंमत

डाळिंबाची साल आपण उकिरड्यावर टाकतो. जुन्या बायका ती वाळवून औषधाला ठेवीत. तिच्यातले टॅनिन बुरशीला आवर घालते. सालीचा अर्क खाण्याजोग्या लेपात मिसळून पेरूला लावण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले. २०१८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. लेपामुळे फळातले पाणी कमी उडते, पेरू अधिक दिवस टिकतो.

बँकेत मी बागांची कर्जे हाताळली आहेत. माल नासेल या धास्तीने बागायतदार पडेल त्या भावाने विकतो आणि हप्ता थकतो. चार दिवस थांबता आले, तर अडत्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्याला येईल. म्हणून हे तंत्र व्यापाऱ्याच्या गोदामाआधी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे गेले पाहिजे. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, डाळिंबही तिथे मुबलक. सुरुवात तिथूनच का करू नये?