मुदतीचे पालकत्व

मूल दत्तक घेणाऱ्या दांपत्याचे आपल्याकडे कौतुक होते, अनाथाश्रमाला देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर येते, आणि लेकीमागे नातवंडे वाढविणाऱ्या आजीपुढे तर सारे गाव मान लववते. परंतु जे मूल आपले नाही, पुढेही आपले व्हायचे नाही, आणि मुदत संपताच ज्याला त्याच्या आईच्या स्वाधीन करायचे आहे, अशा मुलाला वर्षभर पदराखाली घेणाऱ्या घराकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे आपले अजून ठरलेले नाही. कायद्याने ते केव्हाच ठरविले आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याच्या 44 व्या कलमान्वये, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल बालकल्याण समितीच्या हुकमाने एखाद्या योग्य कुटुंबात संगोपनासाठी ठेवता येते. भावंडांची होता होईतो ताटातूट करू नये, असमर्थ ठरलेल्या आईबापांनाही मुलांना वेळोवेळी भेटू द्यावे, आणि समितीने दरमहा अशा घराची पाहणी करावी, असेही तेच कलम सांगते. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय समजावा, हे त्या अधिनियमाचे मूलतत्त्व आहे. तरतूद आहे, यंत्रणाही आहे. घरे मात्र थोडी आहेत. ती थोडी का आहेत, आणि विशेषतः आम्हा ख्रिस्ती मंडळ्यांतून ती पुढे का येत नाहीत, याविषयी मला लिहावयाचे आहे.

आम्ही उभयता अहिल्यानगर जिल्ह्यातले. मी माध्यमिक शाळेत शिक्षक, माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका. शिवाय रविवारी आणि सणावारी आसपासच्या खेड्यांतील लहान मंडळ्यांची उपासना चालविणे, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाणे, मयतीला उभे राहणे, ही सेवा बरीच वर्षे आमच्याकडे आहे. अशा घरात समितीच्या हुकमाने दोन भावंडे आली: बहीण नऊ वर्षांची, भाऊ पाचांचा. त्यांची नावे आणि गाव मी सांगणार नाही. अशा मुलांची ओळख जाहीर करण्यास त्याच अधिनियमाच्या 74 व्या कलमाने मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. बाप वारलेला, आई ऊसतोडीला जाणारी. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; नवरा गेल्यावर ती अर्धा कोयता झाली आणि आगाऊ घेतलेली उचल मात्र पुरी फेडायची राहिली. त्या ओढाताणीत तिला क्षय जडला, तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा, म्हणजे उपचार लांबणीचा. गळिताचा हंगाम सुरू झालेला, माहेरची आणि सासरची धडधाकट माणसे फडावर गेलेली. मुलांना घेणार कोण? ही काही अनाथ मुले नव्हती. त्यांना आई होती आणि ती त्यांच्यासाठी जीव टाकीत होती. तिला फक्त बरे होण्यास अवधी हवा होता. तो अवधी तिला मिळवून देणे, एवढेच आमच्याकडे मागितले गेले होते.

थोरली मुलगी पहाटे चारला उठून अंधारात शेगडीपाशी बसलेली आम्हांला आढळू लागली. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, आई उजाडायच्या आत कोयता घेऊन निघे, तेव्हा भाकऱ्या थापणे, पाणी भरणे आणि धाकट्याला सांभाळणे ही कामे या मुलीच्या अंगवळणी पडलेली. आमच्या घरी कोणी तिला हाक मारली नाही म्हणून तिची झोप लांबावी, असे काही घडेना. ‘तू झोप’ असे सांगण्याने काम भागले नसते, कारण भाकरी थापणे हाच तिचा घरातला मान होता आणि तो काढून घेतल्यावर ती आमच्या घरी केवळ पाहुणी उरली असती. माझ्या पत्नीने तिला सांगितले की पिठाचा डबा पहाटे उघडायचा नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर भावासाठी एक भाकरी तिने थापायची, बाकीच्या मावशीने. ती एक भाकरी ती वर्षभर थापीत राहिली. पुढे पुढे ती सहापर्यंत झोपू लागली. आम्हांला ती मावशी आणि काका म्हणे, आणि ‘आई’ हा शब्द तिच्या आईसाठीच राहील, याची आम्ही पहिल्यापासून काळजी घेतली.

आता सेवाकार्याविषयी. आमच्या मंडळ्यांत एक समजूत खोलवर रुजलेली आहे, की सेवा म्हणजे जी मंदिरात, व्यासपीठावर किंवा खेडोपाडी फिरून होते ती; घरात जे होते तो संसार. या समजुतीपायी कितीतरी सेवकांची स्वतःची मुले बापाच्या सहवासाला मुकली आहेत, हे जुन्या मंडळ्यांतील माणसे खासगीत कबूल करतात. दोन मुले घरी आल्यावर आमच्या रविवारांची घडी मोडली. पत्नीला पाळीची नोकरी, आणि तिच्या नोकरीच्या नियमांत अशा मुलांसाठी रजा नव्हती. धाकट्याला रात्री ताप आला की सकाळच्या पाळीला कोणी जायचे आणि दूरच्या खेड्यातील उपासनेला कोणी, हा प्रश्न दर काही आठवड्यांनी उभा राहू लागला. तेव्हा मंडळीतील एका वयोवृद्ध वडिलांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. उपासनेनंतरच्या सभेत त्यांनी ठराव मांडला की दोन खेड्यांच्या उपासना वर्षभर इतर तिघांनी वाटून घ्याव्यात, शब्बाथशाळा तरुण मंडळाने चालवावी, आणि या दांपत्याकडे जी दोन मुले आहेत ती मंडळीकडे आहेत असे समजावे. ठराव मंजूर झाला. कोणी शनिवारी मुलांना आपल्या घरी नेऊ लागले, एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी शाळेचा गणवेश बेतून शिवून दिला, आणि एक सेवानिवृत्त गुरुजी मुलीला गणित शिकवू लागले. त्या ठरावावाचून आमचे वर्ष निभले नसते, असे मी जबाबदारीने लिहितो.

म्हणूनच, ‘तुम्ही थोर, आम्हांला नाही जमणार’ असे जेव्हा लोक म्हणतात तेव्हा ती स्तुती मला स्वीकारता येत नाही. एका दांपत्याच्या अंगी असामान्य सद्गुण असल्याखेरीज हे होत नाही असे एकदा ठरले, की बाकी सर्वांची सुटका होते. आणि मूल मात्र बालगृहाच्या ओळीत उभे राहते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि तो टाळून या विषयावर ख्रिस्ती माणसाने लिहू नये. मुले हिंदू, घर ख्रिस्ती. पहिल्या भेटीला आई आली ती तोंडाला फडके बांधून, उंबऱ्याबाहेरच बसली. मुलांना जवळ घेण्याची डॉक्टरांची परवानगी तिला अजून नव्हती. बराच वेळ ती मुलांकडे नुसती पाहत होती. मग माझ्या पत्नीला म्हणाली, “ताई, पोरांची नावं तर बदलनार न्हाई ना?” पत्नी म्हणाली, “नाही बाई. नावं तुम्ही ठेवलीत, ती तशीच राहतील.” त्या बाईच्या प्रश्नात आरोप नव्हता, परंतु शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास होता. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले, आणि तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत असल्याच्या वादातून 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला. रमाबाईंच्या करुणेविषयी आणि पुढे दुष्काळात केडगावी त्यांनी निराधार मुलींसाठी जे उभे केले त्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि त्या ताटातुटीची किंमत महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाला मोजावी लागली आणि ख्रिस्ती समाजालाही, कारण आमच्या दारात आलेल्या मुलाकडे शेजारी संशयाने पाहू लागला तो आजतागायत.

आमच्या घरी रात्री कुटुंबप्रार्थना होते. ती आम्ही बंद केली नाही आणि मुलांपासून लपविलीही नाही. बसावेसे वाटले तर ती बसत, नाहीतर अंगणात खेळत. थोरलीच्या पिशवीत मोहटादेवीची चौकटीतली लहान तसबीर होती. पाथर्डी तालुक्यातील त्या गडावर तिची आई हंगामाला निघण्यापूर्वी नेमाने जात असे. मुलांच्या खोलीतील फळीवर त्या तसबिरीला जागा दिली आणि नवरात्रात मुलीने दिवा मागितला तेव्हा पत्नीने तिला तेलवात दिली. आमच्यापैकी काहींना हे खटकले आणि त्यांनी ते तोंडावर विचारले, हेही बरेच झाले. त्यांना मी जे सांगितले तेच येथे लिहितो. सरकारी हुकमाने, संकटात सापडलेल्या आईच्या संमतीने, मुदतीपुरते आलेले नऊ वर्षांचे मूल काही धर्मविचार करून आमच्या घरी आलेले नाही. त्याचा देव, त्याची भाषा, त्याच्या आईची आठवण या सर्व वस्तू आमच्याकडे अमानत आहेत, आणि अमानतीत खयानत करून कोणाही आत्म्याचे कल्याण साधत नाही. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यावा, असे याकोबाचे पत्र आम्हांला सांगते. मोबदल्यात काही घ्यावे असे ते सांगत नाही. माझा विश्वास मला सर्वस्वाहून प्रिय आहे, आणि नेमके त्याचमुळे तो एखाद्या असहाय मुलाच्या गरजेशी बांधून विकायला ठेवणे मला पाप वाटते.

परक्याचे मूल मुदतीपुरते वाढविण्याची आम्हांला अगदीच सवय नाही असे मात्र कोणी समजू नये. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम 1956 साली झाला, तो ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांना लागू नव्हता. त्यामुळे आमच्याकडील निपुत्रिक दांपत्यांना 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालक म्हणून मूल वाढवावे लागे, आणि ते सज्ञान झाले की कागदोपत्री नाते संपे. 2015 च्या आधीच्या बाल न्याय कायद्याने धर्मनिरपेक्ष दत्तकविधानाची वाट उघडली आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाशमी यांच्या याचिकेवर निर्णय देऊन ती वाट सर्वांना मोकळी असल्याचे स्पष्ट केले. त्याच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी वारसाहक्काचा कागद नसताना लेकरे वाढविली, शिकविली, त्यांची लग्ने लावली. त्याही पूर्वी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरात दुसऱ्यांची मुले कशी येत आणि घरचीच कशी होत, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. हा वारसा आम्ही वसतिगृहांच्या इमारती बांधता बांधता विसरलो.

सरकारविषयीही थोडे. मिशन वात्सल्य योजनेखाली एका मुलामागे दरमहा 4000 रुपये देण्याची तरतूद आहे, राज्याच्या बालसंगोपन योजनेची रक्कम 2023 साली 2250 रुपये झाली. आमच्या मुलांसाठी मंजूर झालेले पैसे तगादे करून, कित्येक महिने उशिरा हाती आले. आम्ही दोघे पगारदार, त्यामुळे दूध-दप्तर थांबले नाही. परंतु ज्या गरीब मावशीच्या, चुलत्याच्या किंवा म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर जिल्ह्यातील कितीतरी मुले आहेत, त्यांच्याकडे हा उशीर म्हणजे मुलाची शाळा सुटणे होय, आणि दफ्तरातील एका सहीसाठी तसे होऊ देणे अक्षम्य आहे. गृहभेटीला येणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांच्या माथी इतकी गावे आहेत की दरमहाची पाहणी ही त्यांच्याच्याने होणे कठीण. ही पदे वाढविली पाहिजेत.

वर्षाच्या अखेरीस आई बरी झाली. डॉक्टरांचा दाखला झाला, समितीपुढे ती रुजू झाली, तिच्या भावाने यंदा फडावर न जाता गावीच कामाला राहण्याची हमी दिली, आणि मुले तिच्या स्वाधीन करण्याचा हुकूम निघाला. ‘इतका लळा लावून परत का द्यायची?’ असे आम्हांला जवळच्या माणसांनीही विचारले, कोणी तर आईच्या गरिबीकडे बोट दाखवून मुले ठेवून घेण्याची तजवीज करा असे सुचविले. गरिबी हा आईपण काढून घेण्याचा आधार होऊ शकत नाही. जी बाई दररोज मूठभर गोळ्या गिळून, ओकारी दाबून, केवळ या दोघांसाठी उपचार पुरे करते, तिच्याहून त्यांच्यावर अधिक हक्क कोणाचा असणार? आम्हांला दुःख झाले, घर काही आठवडे सुने वाटले. परंतु ते दुःख वडीलधाऱ्यांनी सोसायचे असते, ते टळावे म्हणून मुलाने आईला मुकायचे नसते. निघताना मुलीने तसबीर स्वतः फळीवरून काढून पिशवीत ठेवली. आता महिन्या-दोन महिन्यांनी मामाच्या फोनवरून तिचा आवाज येतो. ती पाचवीत आहे.

येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीचे ट्रक पुन्हा निघतील आणि कोणाची तरी आई आजारी पडेल, कोणाचा तरी बाप फडावरून परतणार नाही. माझी मंडळ्यांना विनंती आहे, आणि ख्रिस्तीतर वाचकांनाही तीच आहे: प्रत्येक मंडळीने, प्रत्येक भजनी मंडळाने, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने निदान एक घर या कामासाठी मोकळे करावे, त्या घराची इतर कामे आपसांत वाटून घ्यावीत, आणि मगच त्या दांपत्याला अर्ज करावयास सांगावे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावयाचा असतो. चौकशी आणि गृहभेटी यांत बराच अवधी जातो, म्हणून हंगाम सुरू होण्याची वाट न पाहता तो आताच करावा.