लक्ष्या सुटतो तेव्हा

टीव्हीवर ‘धूमधडाका’ लागला होता; चहा गार झाला. १९८५चा हा सिनेमा म्हणजे महेश कोठारेंचं दिग्दर्शनातलं पदार्पण. कथा मूळची श्रीधर यांच्या तमिळ सिनेमाची, मराठीत आली हिंदी ‘प्यार किये जा’नंतर. तमिळमध्ये नागेशने आणि हिंदीत मेहमूदने गाजवलेला सिनेमावेडा मुलगा इथे ‘टुरटुर’ नाटकातून आलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेच्या, म्हणजे आपल्या लक्ष्याच्या, वाट्याला आला. पाइपचा झुरका घेऊन ठसकणारे अशोक सराफ त्याच सिनेमात असताना भाव खाऊन जायचं, म्हणजे खायचं काम नाही! (अशोकमामांचा तो ठसका आमच्या घरात अजून चालू आहे.) पण मला बघायचे असतात त्याचे बाप झालेले शरद तळवलकर. त्यांच्या कपाळावरची आठी जितकी खोल जाते, तितका लक्ष्या सुटतो.